बिनमिठाची बशी

१

साहेबराव गुरुजींच्या पोटात कुणीतरी मीठ घालत होतं, आणि ते कोण हे कुणालाच कळत नव्हतं.

सत्त्याण्णव सालचा फेब्रुवारी होता. बारामतीत तेव्हा सकाळी सातपर्यंत रस्ते निवांत असायचे आणि कारखान्याकडे निघालेल्या ऊसगाड्यांची घुंगरं दवाखान्याच्या खिडकीतून ऐकू यायची. चौदा खाटांचा तो खासगी दवाखाना. रतन लोखंडे तिथं सिस्टर होती. त्या सकाळी ती टोपी नीट करत होती, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि तिघांनी मिळून गुरुजींना खाली उतरवलं. दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत सुजलेले. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. श्वास इतका तुटक की दोन शब्दांपुढं वाक्य जाईना. दोन महिन्यांतली ही तिसरी खेप होती.

इंजेक्शन दिल्यावर दुपारपर्यंत लघवी मोकळी झाली आणि ओठांवरची निळसर झाक गेली. मग डॉक्टरांनी घरच्यांना व्हरांड्यात बोलावलं. गणपतीच्या दिवसांत झटका आल्यापासून गुरुजींचं हृदय अशक्त झालं होतं. मीठ गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं आणि ते पाणी शेवटी फुप्फुसात उतरतं, हे डॉक्टरांनी पूर्वी दोनदा सांगितलेलं पुन्हा सांगितलं. गोळ्या त्यांनी स्वतः तपासल्या होत्या, त्यात काही गफलत नव्हती.

"मीठ कुठून तरी जातंय," ते म्हणाले. "कुठून, ते तुम्ही शोधा. चौथ्या वेळेला मी पुरा पडेन असं मला वाटत नाही."

गुरुजींचा मुलगा सोमनाथ दूध डेअरीत नोकरीला होता. शांत माणूस, कधी चढ्या आवाजात बोलायचा नाही. त्यानं बायकोकडं पाहिलं. मोनाली पाच वर्षांच्या सुप्रियाचा हात धरून भिंतीशी उभी होती.

"घरात चूल एकटीच्याच हातात आहे," सोमनाथ हळू म्हणाला.

मोनालीनं नवऱ्याकडं क्षणभर पाहिलं, मुलीला कडेवर घेतलं आणि ती पायऱ्या उतरून गेली. संध्याकाळी कळलं, की ती घरी गेलीच नव्हती. एसटी पकडून तिनं सरळ माहेर गाठलं होतं, लोणी देवकर.

२

रतनला हे प्रकरण सोडून देता येण्यासारखं नव्हतं.

पिंपळीच्या शाळेत साहेबराव लोंढे गुरुजींनी तिला पाचवी ते सातवी शिकवलं होतं. दोघांची घरं एकाच वस्तीतली. वस्तीतून शिकून मास्तर झालेला पहिला माणूस म्हणजे गुरुजी. शाळेत प्रयोगशाळा नव्हती, मग हा माणूस सायकलच्या पिशवीतून प्रयोगशाळा घेऊन यायचा. लिंबू, चुना, भिंग, चुंबक, सोड्याची पुडी, हळद लावलेले टिपकागद. मुलं गोल करून बसायची आणि गुरुजी आधी विचारायचे, "काय होईल?" चुकीचं उत्तर दिलं तरी रागवायचे नाहीत, पण न बघता उत्तर दिलं की मात्र रागवायचे. दहावीनंतर रतनचं लग्न ठरवायला निघालेल्या तिच्या वडिलांना त्यांनी अंगणात बसवून दोन तास समजावलं आणि नर्सिंगचा फॉर्म स्वतः भरला. तिच्या अंगावरचा पांढरा कपडा गुरुजींमुळं होता, असं तिची आई मरेपर्यंत सांगत राहिली.

तिसऱ्या प्रहरी ती खाटेजवळ गेली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळं गुरुजींनी तिला पावलांच्या आवाजावरून ओळखलं.

"रतन, मी मीठ खाल्लेलं नाही," ते आपणहून म्हणाले.

तिनं विचारलं, लोणचं? पापड? तळलेलं काही? सगळ्याला ते नाही म्हणाले. आणि गुरुजी खोटं बोलत नाहीत ही गोष्ट रतनला स्वतःच्या नावाइतकी पक्की ठाऊक होती.

"मोनाली कुठं आहे?" त्यांनी विचारलं. ती माहेरी गेली म्हटल्यावर त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. नंतर किती विचारलं तरी ते बोलले नाहीत. रतनला वाटलं, दम लागला असेल.

जाता जाता सोमनाथनं तिला गाठलं आणि आपल्या संशयाचं कारण सांगितलं. जानेवारीत, दुसऱ्या खेपेनंतर, गुरुजी आठ दिवस मोरगावला जयवंताआत्याकडं राहायला गेले होते. सोबत आई होती, रांधत तीच होती. आठ दिवसांत सूज उतरली, वजन अडीच किलोनं कमी झालं, माणूस उशीशिवाय आडवा झोपू लागला. बारामतीला परत आल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा होतं तेच.

"मोरगावला काय नव्हतं, सिस्टर?" सोमनाथ म्हणाला. "फक्त मोनाली नव्हती."

हिशेब बिनतोड दिसत होता. तरीही ड्यूटी संपल्यावर रतन घरी न जाता गुरुजींच्या घराकडं वळली.

३

गुरुजींच्या पत्नी तुळसाकाकू उंबऱ्याशी बसून गुरुजींचा कोट धुण्यासाठी चाचपत होत्या. रतनला बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुनेवर त्यांचा संशय नव्हता, पण लेकाला तोडून बोलायची हिंमतही नव्हती.

रतननं स्वयंपाकघर बघायला मागितलं. डबे उघडले, फडताळ पाहिलं, माठामागं हात घातला. मिठाची बरणी नव्हती. लोणच्याची नव्हती, पापडाचा डबा नव्हता. तुळसाकाकू सांगू लागल्या, की दिवाळीत डॉक्टरांनी पथ्य सांगितलं त्याच दिवशी सुनेनं लोणच्याच्या दोन्ही बरण्या शेजारच्या दगडाबाईला देऊन टाकल्या. तेव्हापासून सगळं घर अळणी जेवत होतं.

"पोरगीसुदिक?" रतनच्या तोंडून गावची भाषा आपोआप आली.

"पोरगीबी. रडायची आधी. आता सवय झाली हाय." तुळसाकाकूंनी डोळे पुसले. "सासऱ्याच्या नाकाला वास नको, जिवाला मोह नको, म्हणायची. आन् तिलाच असं म्हनायचं?"

गुरुजींचं दिवसाचं खाणं किती, कधी, हे रतननं बारकाईनं विचारून घेतलं. दुपारी भाकरी, रात्री भात. आणि सकाळी? सकाळचं ते घरी खातच नव्हते. पहाटे जुने दोस्त हिंदुराव यांच्याबरोबर फिरायला जायचे, आल्यावर भूक नाही म्हणायचे. मोरगावला मात्र रोज सकाळी अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली होती.

बोलता बोलता काकूंचा हात कोटाच्या खिशात थांबला. वर्तमानपत्राच्या कागदाची छोटी पुडी निघाली. त्यांनी ती उघडली आणि चटका बसावा तशी खाली ठेवली. आत पिवळंधम्मक काहीतरी होतं, सुकून भेगाळलेलं, आणि त्यावर कुंकू शिंपडल्यासारखे लाल ठिपके.

कुंपणापलीकडून दगडाबाई डोकावत होती. हळद-कुंकू घातलेला नैवेद्य आहे, कुणीतरी करणी केली आहे, असं तिनं लगेच सांगून टाकलं, आणि त्याचा संबंध माहेरी निघून गेलेल्या सुनेशी जोडूनही दिला.

"आपन असलं मानत न्हाय," तुळसाकाकू म्हणाल्या. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, तिकडं त्यांनी पाहिलं. "आन् तरी हे त्यांच्या खिशात आलं कुठनं, रतन?"

रतननं पुडी पुन्हा बांधली आणि पर्समध्ये टाकली. त्या लाल ठिपक्यांवरून तिला काहीतरी आठवू पाहत होतं, पण काय ते काही केल्या हाती लागेना.

४

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती लोणी देवकरला गेली. भिगवणला गाडी बदलून सोलापूर रस्त्यानं पुढं. फाट्यापासून मैलभर आत मोनालीचे वडील म्हस्कू यांचं घर होतं. ते रस्त्याच्या कामावर मुकादम होते. त्यांनी रतनला पाणी दिलं आणि सरळ विचारलं, की लेकीला न्यायला आलात की दोष द्यायला. विचारायला आले, असं रतन म्हणाली.

मोनाली मागच्या अंगणात सुप्रियाची वेणी घालत होती. वेणीचं शेवटचं पेड बांधून तिनं पोरीला आत पाठवलं. मग म्हणाली, "तुम्ही पहिल्या आहात विचारणाऱ्या."

त्यानंतर बांध फुटल्यासारखी बोलली. दिवाळीनंतर चारच दिवसांनी सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, तिला बाजूला बोलावलं होतं. माझ्यासाठी सकाळचं काही करू नकोस, तेवढ्या वेळेला पोरीला मीठ घातलेले पोहे, उपमा करून घाल, ती माझ्यापायी अळणी खाते ते मला बघवत नाही, असं म्हणाले होते. ती हो म्हणाली, पण केलं नाही. घरात मीठ आणलं, की कधीतरी कुणाच्या तरी हातून ते आबांच्या ताटात जाणार, ही धास्ती तिला होती.

"आणि तुमच्या हातून कधी गेलं?" रतननं विचारलं. प्रश्न कडवट होता, पण तो विचारणं भाग होतं.

"एकदा." मोनालीनं मान खाली घातली नाही. "शेजारच्या लग्नातल्या पोळ्यांची कणीक मळत होते. त्याच परातीत आमच्या दोन भाकरींचं पीठ मळलं. परातीला लागलं असेल तेवढंच मीठ. आबांनी पहिला घास तोंडात घातला आणि ताट बाजूला सारलं. म्हणाले, मोनाली, यात मीठ आहे. मी चाखून बघितलं, मला काही लागलं नाही."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून रतननं सगळं एकेक करून मांडलं, गुरुजी फळ्यावर मांडायचे तसं. मोरगावला मोनाली नव्हती, हे सोमनाथनं पाहिलं. पण मोरगावला आणखी एक गोष्ट नव्हती: हिंदुरावांबरोबरचं सकाळचं फिरणं. आणि ज्या माणसाच्या जिभेला परातीला चिकटलेलं मीठ कळतं, त्याच्या पोटात कुणीही चोरून मीठ घालू शकत नाही. म्हणजे जे जात होतं ते सकाळी जात होतं, घराबाहेर जात होतं, आणि ते खारट लागत नव्हतं.

खारट न लागणारं मीठ. असं काही असतं का?

५

हिंदुराव म्हणजे पिंपळीचे ऊसवाले शेतकरी, गुरुजींचे चाळीस वर्षांचे दोस्त. हल्ली मुलाच्या बंगल्यात बारामतीत राहायचे. रतन गेली तेव्हा ते ओसरीत पायजम्याची नाडी सैल करत बसले होते आणि स्वतःवरच वैतागलेले होते.

"रोज दोन कोस चालतुया, सिस्टर. गोड बंद, तळलेलं बंद. तरी चार किलो वाढलोय, आन् साखर दोनशे ऐंशी. डॉक्टर म्हनतो, तात्या, तुमी चोरून खाता. आता काय शपथ वाहू?"

कधीपासून वाढलं, रतननं विचारलं. दिवाळीपासून. फिरून येताना कुठं थांबता?

हिंदुरावांचा चेहरा उजळला. थांबतात की, समाधानच्या दुकानात. गुरुजींचाच विद्यार्थी, पुण्याच्या हॉटेलात पाच वर्षं काढून आलेला. दसऱ्याला भिगवण रस्त्यावर त्यानं 'निरामय फास्ट फूड' काढलं होतं. बारामतीत तेव्हा वडापाव आणि मिसळ सोडून झटपट मिळणारं दुसरं काही नव्हतं, त्यामुळं त्याचं मोठं कौतुक झालं होतं. तिथं तेलाचा थेंब नाही. हिंदुराव घेतात तो खजुराचा शेक, साखर न घातलेला. गुरुजींना समाधान स्वतःच्या हातानं वेगळी बशी आणून देतो, मीठ न घातलेल्या मूगडाळीच्या ढोकळ्याची, आणि वर भाज्यांचं सूप.

"मग हे डॉक्टरांना का सांगितलं नाही?"

"त्यांनी इचारलं काय? मीठ खाल्लं का, भजी खाल्ली का. ते तर न्हाईच खाल्लं. आन् घरी सांगू नका म्हनून गुरुजींनीच मला बजावलं हुतं. सुनबाईला कळलं तर माझ्यासाठी परत चुलीपुढं बसंल, म्हनले."

रतन तशीच दुकानात गेली. स्वच्छ टेबलं, भिंतीवर फळांचं रंगीत कॅलेंडर, दर्शनी हिरवी पाटी: तेल नाही, मैदा नाही, साखर नाही. खाली बारीक अक्षरात, मागणीप्रमाणे मीठही नाही. समाधाननं तिला ओळखलं. तो शाळेत तिच्या दोन वर्ग मागं होता. गुरुजी दवाखान्यात आहेत हे ऐकून तो खरोखर हबकला.

तिनं बिनमिठाची बशी मागवली. ढोकळा कापसासारखा हलका होता. मीठ नावालाही नव्हतं. सूप पण अळणीच, पण जिभेवर रेंगाळणारं, पुन्हा घ्यावंसं वाटणारं.

"आईची आण घेतो, सिस्टर," समाधान म्हणाला. "गुरुजींच्या घाण्याला मी मिठाचा डबा उघडत नाही. वेगळं भांडं, वेगळा चमचा."

तो खरं बोलत होता, हे तिला स्पष्ट दिसत होतं. सगळेच खरं बोलत होते, आणि तरी एक माणूस मरायला टेकला होता. ती उठणार, एवढ्यात तिची नजर बशीतल्या उरलेल्या तुकड्याच्या कडेवर पडली. पिवळ्या ढोकळ्यात, भेगेच्या आत, दोन लाल ठिपके होते.

पिंपळीच्या शाळेचा तो वर्ग, गोल करून बसलेली मुलं, आणि गुरुजींच्या बोटांत धरलेला ओला पिवळा कागद तिच्या डोळ्यांपुढं उभा राहिला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींच्या खाटेभोवती चौघं जमली. सोमनाथ, तुळसाकाकू, हिंदुराव आणि रतनच्या निरोपावरून आलेला समाधान. डॉक्टरही राऊंड संपवून दाराशी थांबले. रतननं रात्री हळद कोमट पाण्यात कालवून टिपकागदाच्या पट्ट्या भिजवून वाळवल्या होत्या. ट्रेमध्ये तीन वाट्या होत्या.

"गुरुजी, काय होईल ते सांगायचं," ती म्हणाली, आणि कागद त्यांच्या डोळ्यांच्या अगदी जवळ धरला.

पहिल्या वाटीत मिठाचं पाणी. पट्टी बुडवली, पिवळीच राहिली. दुसऱ्या वाटीत खायच्या सोड्याचं पाणी, चांगलं उकळलेलं. पट्टी लालभडक झाली. तिसऱ्या वाटीत काल समाधानच्या दुकानातून बांधून आणलेला ढोकळा कुस्करून भिजवला होता. पट्टी बुडवली, आणि ती हळूहळू विटकरी, मग लाल झाली.

गुरुजींनी कागद हातात घेऊन डोळ्यांशी नेला.

"सोडा," ते म्हणाले. "समाधान, किती घालतोस रे?"

समाधान चाचरला. मूगडाळीचं पीठ बसतं. दही कमी घातलं, आंबट नको म्हणून. मग फुगायला सोडा जरा हात सैल सोडूनच. त्याला वाटलं होतं, मीठ तर नाही ना घातलं.

दारातून डॉक्टर पुढं आले. मिठातलं जे शरीरात पाणी धरून ठेवतं ते सोडियम, आणि तेच सोड्यातही असतं, हे त्यांनी सांगितलं. जिभेला मीठ कळतं, सोडा इतका कळत नाही. हृदयाला मात्र दोन्ही सारखंच.

"आणि सूप?" सोमनाथनं विचारलं.

सुपात कागद लाल झाला नव्हता. ते रतननं काल रात्रीच करून पाहिलं होतं, आणि म्हणून तिनं समाधानला येताना सुपात पडणारं सगळं घेऊन ये म्हणून सांगितलं होतं. त्यानं पिशवीतून भाज्या, मिरी, कॉर्नफ्लोअर काढलं आणि शेवटी पांढऱ्या दाणेदार भुकटीचं पाकीट. चव यायला घालतात, पुण्याच्या हॉटेलात चायनीजच्या प्रत्येक कढईत पडायची. मीठ नव्हे ते. पाकिटावरचं लांबलचक इंग्रजी नाव रतननं बोट ठेवून सावकाश वाचलं. सलाईनच्या बाटल्यांवर रोज वाचायचा शब्द त्या नावाच्या मधोमध बसलेला होता. सोडियम.

"मोरगावला अर्धी भाकरी होती, म्हणून सूज उतरली," ती म्हणाली. "इथं रोज सकाळी ही बशी होती, म्हणून चढली. कोटाच्या खिशातली पुडी करणीची नव्हती. गुरुजींनी त्यातला एक तुकडा नातीसाठी बांधून आणला होता, तो खिशातच राहून गेला. सुकल्यावर सोड्याच्या गाठी हळदीवर लाल उमटल्या. आणि तात्या, तुमच्या शेकात साखर नाही हे खरं. पण मूठभर खजूर, दोन पळ्या मध, सायीचं दूध आणि दाण्याचा कूट आहे, मी काल विचारून घेतलं. रोजचं एक जेवणच वरून जास्त होतंय तुमचं."

हिंदुरावांनी पायजम्याच्या नाडीला हात लावला.

समाधानचे डोळे भरले होते, पण तो थोडा दुखावलाही होता. आपण पाटीवर एकही खोटं लिहिलेलं नाही, असं तो हलक्या आवाजात म्हणाला.

"नाही लिहिलंस," गुरुजी म्हणाले. "पण काय नाही तेच लिहीत बसलास. काय आहे, ते लिही. मग ज्याचं त्याला ठरवता येईल."

मग त्यांनी मान वळवून मुलाला शोधलं. "आणि मीही तेच केलं, सोमनाथ. विचारलं तेवढ्याला खरं उत्तर दिलं. सकाळी कुठं खातो ते दाबून ठेवलं. मोनाली गेली म्हणून कळलं, तेव्हाही दाबूनच ठेवलं. आपण पथ्य मोडलं नाही याचाच मला ताठा होता. तिचं नाव तेवढ्यात गेलं."

सोमनाथ खिडकीकडं तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

७

पुढं बरीच वर्षं लोटली. भिगवण रस्त्यावरच्या त्या जागी आता तीन मजली इमारत आहे. रतन निवृत्त झाली. पण कधी एसटीत खिडकीशी बसली, की तिला मार्चमधला तो दिवस आठवतो.

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली त्याच सकाळी गुरुजी निघाले. सोमनाथ एकटा जाऊन आणतो म्हणत होता, पण त्यांनी ऐकलं नाही. रतन सोबतीला होती. फाट्यापासून मैलभर बैलगाडी मिळाली. म्हस्कूंनी दारातच हात जोडले आणि घोंगडी अंथरली. गुरुजी बसले नाहीत. मोनाली बाहेर आली तेव्हा ते उभेच होते.

"तुझ्यावर आळ आला तेव्हा मला बोलता येत होतं," ते म्हणाले. "मी बोललो नाही. माफी मागायला आलोय."

मोनालीनं पुढं होऊन त्यांना हाताला धरून खाली बसवलं. त्यांच्यावर तिचा राग नव्हताच. मग ती नवऱ्याकडं वळली. तो चपला हातात घेऊन अंगणाच्या कडेला उभा होता.

"मला एकदा विचारायचं होतंत," ती म्हणाली. "सिस्टर परक्या असून दोन गाड्या बदलून विचारायला आल्या. तुम्ही शेजारी उभे होतात."

सोमनाथ म्हणाला, "व्हय. चुकलो." त्याच्याकडं त्याहून जास्त शब्द नव्हते, आणि तिनंही आणखी मागितले नाहीत. फक्त आपलं म्हणणं सांगितलं. घरात मीठ येईल. पोरगी मीठ घातलेलं खाईल. आबांचं वेगळं शिजेल, आणि सकाळचा घास ते घरीच खातील, काय खाल्लं ते सगळं सांगतील. गुरुजींनी शाळेत मुलं डोलवायची तशी मान डोलावली. म्हस्कू पहिल्यांदा हसले.

लोणीच्या फाट्यावर गाडी भरून आली. मोनालीनं गुरुजींना खिडकीशी बसवलं, त्यांच्याजवळ सुप्रियाला बसवलं आणि कडेला स्वतः बसली. सोमनाथ दांडा धरून उभा राहिला. वाटेत एक जागा रिकामी झाली तरी तो बसला नाही, आणि तिनंही त्याला बस म्हटलं नाही. रतन मागच्या बाकावरून बघत होती.

भिगवणला गाडी बदलायची होती. स्टँडवर उन्हं कलली होती. बारामतीची गाडी लागली, तशी सोमनाथनं आधी चढून जागा धरली, सगळ्यांना आधीसारखंच बसवलं आणि पुन्हा दांड्याला जाऊन टेकला. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी गावाबाहेर पडून उसाच्या फडांमधून धावू लागली. गुरुजींचा डोळा लागला होता.

मोनाली बराच वेळ समोर बघत होती. मग तिनं सुप्रियाला उचलून मांडीवर घेतलं, पदर सावरला, आणि जरा आत सरकून कडेची जागा मोकळी केली.